दिवे गेल्यावर

बाबा हॉस्पिटलातून घरी आले ते हृदयात नवी झडप घेऊन, आणि चक्क घड्याळासारखे टिकटिकायला लागले! मी तर वर्गात सगळ्यांना सांगून टाकलं. पण पंख्याच्या घरघरीत ती टिकटिक ऐकूच यायची नाही. त्यामुळे कलकत्त्यात लोडशेडिंग झालं, की अख्खी गल्ली वैतागायची आणि आमच्या घरात मात्र आनंदीआनंद.

"शकुन, ये लवकर! फुकटचा कार्यक्रम सुरू झाला," बाबा हाक मारायचे.

आई हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ येऊन बसायची. "गप्प बसा हो जरा, ऐकू द्या."



आता लोडशेडिंग झालं, की पंखा पुरता थांबायच्या आत आई बाबांच्या रिकाम्या खुर्चीवरचा ट्रान्झिस्टर मोठ्यानं लावते.