शेपटीतलं वजन
मालवाहू विमानाचं दार लागलं, पंखे फिरणार तोच माल चढवणाऱ्यांची मुकादम हात उंचावून समोर उभी राहिली. खिडकीतून वैमानिक, तिचा दीर, ओरडला, "वहिनी, घरचं भांडण घरी काढा!" हमाल खदाखदा हसले. ती हलली नाही. पुढच्या चाकाचा दांडा रोजच्यापेक्षा वीतभर जास्त बाहेर आला होता. "भावोजी, विमानाची शेपटी जड झालीय. उडताच उताणं पडेल, मग धाकट्या जावेला काय तोंड दाखवू?" दिराने खिडकीतून वाकून चाकाकडे पाहिलं आणि दार पुन्हा उघडायला लावलं. आधी उतरवायचे म्हणून जनरेटर सगळ्यात शेवटी, शेपटीत चढवले होते. करवादत, घामाघूम होत हमालांनी ते मधोमध सरकवले, तसा दांडा आत बसला. मग विमान धावलं आणि घारीसारखं अलगद आभाळाला लागलं. हमालांनीच मुकादमबाईला खांद्यावर उचललं. "खाली ठेवा रे मेल्यांनो," ती ओरडली, पण उतरायची घाई तिलाही नव्हती.