वरची मेणबत्ती

"वर की खाली?" स्तोइना आजीने दारातूनच विचारलं.

दर गुरुवारी ती हेच विचारायची. देवळात जिवंत माणसांसाठी मेणबत्ती लावायची ती वरच्या तबकात, गेलेल्यांसाठी खाली वाळूत. तिचा मुलगा ल्यूबेन परदेशी कामाला गेला आणि त्याचा फोन बंद झाला, त्याला आता चार वर्षं झाली होती. तेव्हापासून आजी गावाहून बाजाराच्या बसने विदिन शहरात यायची, देवळाच्या दारात दोन मेणबत्त्या विकत घ्यायची आणि त्या लावण्याआधी पोलीस ठाण्यात डोकवायची. काही कळलं नाही म्हटलं, की परत जाऊन एक वर लावायची, एक खाली. यातून काय ते देवानं समजून घ्यावं, असं तिचं म्हणणं.

आज ठाण्यात हरवलेल्यांच्या तक्रारी बघणारी पोलीस रुम्याना तिला पाहून उठून उभी राहिली. तीन टेबलांच्या त्या खोलीत ती एकटीच बसायची. बाकीच्या दोघांच्या बदल्या झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

"वर, आजी," ती म्हणाली. "वर लावा. ल्यूबेन जिवंत आहे. धडधाकट आहे."

आजी मटकन खुर्चीत बसली. चार वर्षांनी जीव भांड्यात पडला, आणि आता पुढं काय करायचं ते तिला सुचेना.

"गावानं तर त्याला कधीच पोचवला होता," ती डोक्याला बांधलेल्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत म्हणाली. "मृत्यूचं पत्रक लाव म्हणे फाटकावर, फोटोसकट. मी म्हटलं, आधी तुमची लावा मेल्यांनो." मग ती एकदम पुढं झुकली. "कुठं आहे गं?"

रुम्याना याच प्रश्नाला भीत होती. पोर्तुगालच्या पोलिसांचा कागद सकाळीच आला होता. गाडीचा मागचा दिवा फुटका म्हणून तिथल्या कुणी शिपायाने ल्यूबेनला अडवलं, त्याचं नाव यंत्रात टाकलं, आणि विदिनच्या ठाण्यातली आजीची तक्रार त्याच्यापुढं उभी राहिली. चोरीच्या गाड्या अशाच सापडत, पळालेले खुनीही असेच सापडत. काम चोख झालं होतं. कागदावर गाव होतं, गल्ली होती, घराचा नंबर होता. आणि त्याखाली एक ओळ होती: सदर इसम सज्ञान असून, आपला ठावठिकाणा घरच्यांना कळवू नये असे त्याने सांगितले आहे.

एखाद्या खुन्याचा पत्ता रुम्यानाने साऱ्या युरोपच्या पोलिसांना कळवला असता. मुलाचा पत्ता मात्र तिला आईला सांगता येत नव्हता.

"ते सांगता येत नाही, आजी."

"ठाऊक नाही, की सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही."

"कोण नको म्हणतं? तुझा साहेब?"

"ल्यूबेनच," रुम्याना म्हणाली.

आजीने मांडीवरची पिशवी उगाचच नीट केली. "अजून राग गेला नाही तर," ती म्हणाली.

रुम्यानाला ते बघवेना. नोकरीच्या अठरा वर्षांत केलं नव्हतं ते तिने केलं. तो कागद आजीला वाचता येईल असा तिच्यासमोर ठेवला. "कॉफी घेऊन येते," ती म्हणाली. "मशीन कुरकुरतंय, जरा वेळ लागेल."

मशीनला काही झालं नव्हतं. रुम्याना बोळात उभी राहून दाराच्या काचेतून बघत होती. आजीच्या गळ्यात दोरीला चष्मा होता. आजीने तो उचलला, डोळ्यांपर्यंत नेला आणि तिथंच थांबली. मग तिने तो सोडून दिला. न वाचताच कागद पालथा घातला आणि जेवणाच्या टेबलावरचं कापड सारखं करावं तसा त्यावरून दोनदा हात फिरवला.

रुम्याना कॉफीचे दोन पेले घेऊन आत आली. "कागद इथंच राहिला की माझा," ती म्हणाली.

"असेल. मला कुठलं दिसतंय? चष्मा घरी राहिलाय."

चष्मा तिच्या छातीवर लोंबत होता. रुम्यानाने साखर ढवळली.

"माणूस सापडला की तक्रार बंद होते, आजी. इथं सही लागेल."

आजीने तोच चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. "म्हणजे आता गुरुवारी यायला नको."

"नको," रुम्याना म्हणाली. गुरुवारी या खोलीत आपणहून येणारं दुसरं होतं तरी कोण?

दारापाशी आजी थांबली. पिशवीतून दोन्ही मेणबत्त्या काढून तिने हातात धरल्या. "बघ, सवयीनं दोन घेऊन बसले."

"मग एक परत करा ना."

"देवळातलं कुणी परत करतं का? दोन्ही वरच लावते. एक त्याची."

"आणि दुसरी?"

"माझी," आजी म्हणाली. "मीही जिवंतच आहे, पोरी. माझी चौकशी कुणी केली नाही, एवढंच."