बरणीतला मसाला

वारूळवाडीला पत्र्याच्या शेडमध्ये गोरखनं मसाल्याची कंपनी काढली, तेव्हा खडा मसाला भाजायला ठमाबाई होती. माप नाही, नुसत्या वासावर भाजायची. आता पाकिटं मुंबईपर्यंत जातात, पण ती वारली आणि चव बिघडली. म्हणून गोरख तिच्या नवऱ्याकडे, सयाजीकडे आला. "भाऊ, वैनींच्या हातचा मूठभर मसाला द्या. त्यावरून चव जुळवतो." घरच्या बरणीत तेवढाच उरला होता. सयाजी म्हणाला, "अख्ख्या जिल्ह्यानं खाल्ला की! लगीन मी केलं व्हतं, राव." तरी गोरख उठेना. सयाजीनं सगळा मसाला कालवणात टाकला आणि दोन ताटं वाढली. "आता ने पोटातून!" पहिल्याच घासाला गोरखचे डोळे भरले. "वैनी," एवढंच बोलला. तिच्यासाठी दुसऱ्यानं रडावं, हेही सयाजीला सोसलं नाही. तांब्या पुढं सरकवत तो म्हणाला, "तिखट लागलं असंल. पाणी पी."