बुचाचा वास

खरेदीदाराने पेला गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा! सुकवलेली चेरी. थोडी दालचिनी. मागून अगदी हलकासा धूर."

समोर उभी असलेली द्राक्षमळ्याची मालकीण सुखावली. या डोंगराळ भागातल्या वाइनला कोणी विचारत नव्हतं. यंदाही माल पडून राहिला तर वेली उपटून जमीन विकायची, हे घरात ठरून गेलं होतं. आणि आज शहरातल्या बड्या दुकानांसाठी माल निवडणारा माणूस तिच्या तळघरात बसून 'वा' म्हणत होता! तिने आनंदाने स्वतःसाठीही घोटभर ओतली. पेला तोंडाशी नेला आणि ती तशीच थांबली.

बुचाला बुरशी लागून वाइन पार नासली होती. भिजलेल्या पोत्याचा भपकारा येत होता. शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. आपलं बिंग फुटलं, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

त्याने थाप मारायला तोंड उघडलं. पण थापा मारून मारून थकला होता बिचारा. "हिवाळ्यात तापाने पडलो होतो, तेव्हापासून. आंबट, गोड, तुरट कळतं. वास मात्र गेला तो गेलाच. बायकोलाही सांगितलेलं नाही."

आजवर त्याने लोकांचे चेहरे वाचून वेळ मारून नेली होती. जो जपून ओतेल, त्याची वाइन घ्यायची. गंमत म्हणजे फारसं चुकलंही नव्हतं. पण हे बाहेर कळलं, की उद्यापासून त्याला दारात कोण उभं करणार होतं?

मालकीण आत गेली आणि दोन बाटल्या घेऊन आली. एक दिमाखदार, गळ्याला लाल लाख लावलेली. दुसरीला साधं लेबलसुद्धा नव्हतं.

"ही आमची महागडी. मनात आणलं तर आत्ता तुमच्या गळ्यात मारू शकते."

"हो," तो म्हणाला. त्याला खरोखरच भीती वाटली.

"हिला नुसता लाकडाचा वास येतो. आमच्या ह्यांना वाइन नव्या लाकडी पिंपांत मुरवायची भारी हौस!" तिने ती बाटली बाजूला सारली आणि दुसरीतली पेल्यात ओतली. "ही न्या. निम्म्या किमतीची आहे, वरच्या खडकाळ तुकड्यातली. अशी दुसरीकडे नाही मिळायची."

"यात तुमचं नुकसान आहे."

"तुम्हाला नाही कळलं, तरी पिणाऱ्यांना कळेल ना? मग पुढच्या वर्षी कोण येईल इकडे?"

त्याने सवयीने पेला नाकाशी नेला. काचेचा गारवा लागला, बाकी काही नाही. चेरी, दालचिनी, धूर, सगळे पाठ केलेले शब्द ओठांवर आले. त्याने ते गिळले आणि पेला तिच्यापुढे सरकवला.

"कसला वास येतोय?"

इतक्या महिन्यांत हे त्याने कोणालाच विचारलं नव्हतं.

तिने बराच वेळ पेला नाकाशी धरला. "उन्हात तापलेल्या दगडाचा," ती म्हणाली. "मग मिरीचा. आणि पेन्सिलीला टोक काढताना येतो ना, तसा..."

"थांबा," त्याने डोळे घट्ट मिटले. "एकेक सांगा. मला आठवू द्या."