बर्फ भरपूर आहे

मयुरेशने वीसच्या आधी एक घातला आणि पोस्ट टाकून दिली. जॉर्जियातल्या डोंगरावरच्या त्या रिसॉर्टचा वीस सेंटिमीटर बर्फ एका बोटाने एकशे वीस झाला. खाली त्याने नेहमीचंच लिहिलं. बर्फ भरपूर, उतार उत्तम, यल्ला, बॅगा भरा.

बाहेर बहरीनमधल्या अदलियाच्या रस्त्यावर एप्रिलची धूळ उडत होती. आत, तीन टेबलांच्या ट्रॅव्हल ऑफिसात, वाळवंटातल्या माणसांना बर्फ विकायचा धंदा चालला होता. मालक शहजादचा नियम एकच. बर्फ कधी कमी सांगायचा नाही. बर्फ कमी तर बुकिंग खलास, आणि बुकिंग खलास तर तुझा व्हिसाही खलास, हे तो हसत हसत सांगायचा. जानेवारीत त्या रिसॉर्टवर बर्फाचा कडा कोसळून माणसं दबली, त्या दिवशीसुद्धा पेजवर 'ताजा, भुसभुशीत बर्फ' असंच गेलं. मयुरेशला सुरुवातीला कसंतरी व्हायचं. मग व्हायचं बंद झालं. खोटं बोलायचा पगार मिळायला लागला की त्याला मार्केटिंग म्हणायची सोय असते.

दार ढकलून एलिझाबेथ आंटी आत आल्या. मूळच्या वसईच्या, राहायला उम्म अल हस्समला, कामाला एका हॉटेलच्या लाँड्रीत. फेब्रुवारीत त्यांनी इथूनच जॉर्जियाचं तिकीट काढलं होतं, तारीख मोकळी ठेवून. तेव्हापासून रोज सकाळी ड्यूटीवर जाताना त्यांचा फोन यायचा. बाळा, आज बर्फ किती आहे? मयुरेश फुगवलेला आकडा सांगायचा. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग 'बरं' म्हणून फोन बंद.

ऑफिसात त्यांची टिंगल व्हायची. या वयात दोन पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, आणि बाई निघाल्या स्की करायला. एकदा त्यांनी विचारलं होतं, सहा फूट लांबीचं सामान विमानात घेतात का? मयुरेशने ऐटीत सांगितलं, घेतात की, पण स्की तिथे भाड्याने मिळतात, उगाच ओझं कशाला. परतीचं तिकीट त्यांना बहरीनचं नको होतं, तिथून थेट मुंबईचं हवं होतं. त्यावर शेजारच्या टेबलावरची लीना आठवडाभर हसत होती. आंटी स्की घेऊन वसईत कुठे घसरणार, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

आज आंटी खुर्चीत टेकल्या आणि पर्समधून तिकिटाचा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे बदलून दे बाळा. जॉर्जिया नको. इथूनच सरळ मुंबई."

एक बुकिंग गेलं की शहजाद सगळ्यांसमोर सालटी काढायचा. मयुरेशने कारण विचारलं. त्या म्हणाल्या, हॉटेलने सुट्टी दिलीय ती याच महिन्यात संपवायची आहे, यंदा दुसरी मिळायची नाही. आता आणखी किती वाट बघायची?

त्याला वाटलं, बर्फ संपत आल्याचं बाईंना कोणीतरी सांगितलंय. मग तो सुटलाच. आकडा दिसू नये म्हणून त्याने आधी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली. म्हणाला, कोणी काहीही सांगू दे, मी रोज डोळ्यांनी बघतो. परवाच नवीन पडलाय. यंदा असा बसलाय की मे संपेपर्यंत उठायचा नाही.

"आईशप्पथ, आंटी. बोटभरसुद्धा वितळलेला नाही."

आंटींनी गळ्यातला क्रॉस मुठीत धरला. फोनवर ऐकू न येणारं ते काय असायचं, ते मयुरेशला पहिल्यांदा समोर दिसलं. बाई तोंड मिटून रडत होत्या.

"म्हणून तर बदलतेय," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा इयान दुबईहून दोस्तांबरोबर गेला होता तिथे. जानेवारीत तो कडा पडला ना, त्यात गेला. बाकीचे सापडले, हा नाही सापडला. तिथली माणसं म्हणाली, बर्फ फूटभरावर आला की या, तेव्हा शोधायला घेऊ. पण बर्फ हलतच नाही. आता फादर म्हणतात, पेटीत त्याचे कपडे ठेवू आणि मिस्सा करू. कपडेच मातीत पुरते."

लीनाचा कीबोर्ड थांबला. कोणी मान वर केली नाही.

आंटींनी डोळे पुसले आणि टेबलावरून हात लांबवून मयुरेशच्या हातावर थोपटलं. "तू रोज खरं सांगितलंस म्हणून बरं झालं बाळा. नाहीतर मी मेली गेल्याच आठवड्यात सुट्टी टाकून निघाले होते."

मयुरेशने दोन्ही हातांनी स्क्रीन धरली आणि हळूहळू त्यांच्याकडे वळवली.

स्क्रीनवर रिसॉर्टचा कॅमेरा चालू होता. उतारावर ऊन पडलं होतं, आणि बर्फाच्या तुरळक पट्ट्यांमधून जिकडेतिकडे गवत दिसत होतं.