बकरीची घंटी
बैठका लांबतात म्हणून आरोग्य कार्यालयाचे नवे अधिकारी भावेश सर मोलगीच्या बाजारातून बकरीच्या गळ्यातली घंटी घेऊन आले. नियम सोपा होता: कुणी अडचण मांडली की घंटी वाजणार आणि ती अडचण मांडणाऱ्यानेच सुट्टीच्या दिवशी सोडवायची. पहिल्या बैठकीत घंटीला उसंत नव्हती. तिसऱ्या बैठकीपर्यंत कार्यालयात अडचणच उरली नाही. आजही सरांनी विचारलं, "कुणाला काही?" नर्स रिनाने ड्रायव्हर जगदीशला कोपर मारलं. "भाऊ, ब्रेकचं सांगा ना." जगदीश पुटपुटला, "मी टायरनं सांगं, तं सुट्टीना दिन मन्हाच गया. आते तू सांग, ताई." टायरची तक्रार केली म्हणून त्याचा मागचा रविवार टायर बदलण्यात गेला होता. रिनाच्या भावाचं रविवारी लग्न होतं. तिने हिशेबनीसाकडे पाहिलं, त्याने छताकडे. सकाळी जीप फाटकाशी चाकाखाली दगड टाकल्यावरच थांबली, हे तिघांनीही पाहिलं होतं. "शाब्बास," सर म्हणाले. "चहा गार व्हायच्या आत बैठक संपली. चला, सगळेच घाट उतरून अक्कलकुव्याला जाऊ. जेवण माझ्याकडून." सगळे जीपमध्ये बसले. गिअरवर उतरवता येईल, हा जगदीशचा हिशेब. जगदीशला गाडी कळते, हा बाकीच्यांचा. सरांनी कौतुकाने घंटी आरशाला टांगली. घाटाच्या पहिल्याच वळणावर जगदीशने ब्रेक दाबला, मग पुन्हा दाबला. घंटी जोरजोरात वाजू लागली. या वेळी कुणी एक शब्दही बोललं नव्हतं.