उजवी बाजू

“अजून किती वेळ, कासुबा?” चिशिंबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“होतंय, बाबा. तुम्ही जरा सावलीत बसा बघू.”

ते बसले नाहीत. कोट-टाय चढवून अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. दहाला चर्चमध्ये पोचायचं होतं आणि नऊ कधीच वाजून गेले होते. एन्डोला शहरात कालपासून नळाला थेंब नव्हता. नवरीला ज्या निळ्या गाडीतून न्यायचं, ती लाल धुळीने माखलेली होती.

पाण्याची कासुबाला फिकीर नव्हती. गाड्या चकचकीत करून देण्याचं काम ती बारा वर्षं करत होती. तिच्याकडे पाण्याशिवाय गाडी साफ करणाऱ्या फवाऱ्याची बाटली होती, धुणं-पॉलिश सगळं एकातच. फवारा सढळ हाताने मारायचा, धूळ सुटू द्यायची, मऊ फडक्याने ती एकाच दिशेने अलगद उचलायची, फडक्याची घडी पालटायची, मग कोरड्याने घासायचं. मळ निघतो, बारीक ओरखडे बुजतात आणि रंगावर रक्षणाचा पातळ थर बसतो. एरवी हे काम तिने कुणावर सोपवलंही असतं. पण नवरी तिचीच लेक लोम्बे होती.

आणि गाडी चालवणार होते बाबा. अडतीस वर्षं ते तांब्याच्या खाणीतल्या साहेबांचे ड्रायव्हर होते. “एक ओरखडा दाखवा,” असं ते अजूनही सगळ्या वस्तीला सांगत. लोम्बे पाच वर्षांची होती तेव्हापासून ठरलेलं होतं, लग्नाला आजोबाच नेणार.

डाव्या दाराशी कासुबाचा हात थांबला. लांबलचक ओरखडा, त्यात हिरवा रंग. गेल्या महिन्यात याच बाजूला पांढरा चुना लागला होता. त्याआधी बाजूचा आरसा निखळला होता.

“बाबा, हे नवीन काय?”

“बाजारात उभी केली होती. कुणीतरी घासून गेलं. आजकालची पोरं, हातात स्टिअरिंग आलं की डोळे मिटतात.”

समोरच्या घराचं फाटक हिरवं होतं. कासुबाने तिकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे. तिने फवारा मारला आणि घासू लागली. रंग निघाला.

“मी म्हणते, आज चिलेशेला चालवू द्या की. भाऊच आहे माझा, परका थोडाच आहे? तुम्ही मागे आरामात बसा.”

“चिलेशे?” बाबा उसळले. “तो गाडी मागे घेताना डोळे मिटून प्रार्थना करतो! मी काय मेलोय? लोम्बेला विचार, तिला कोण हवंय!”

घरातून बायकांच्या गाण्याचा आवाज चढला. कुणीतरी ओरडलं, “कासुबा, नवरी तयार आहे!” तिने घाईघाईने फडकं पालटलं. डावी बाजू झाली होती. पुढचं बॉनेट झालं होतं. उजव्या बाजूला तिने अजून हातही लावला नव्हता. तिकडे चाकापासून काचेपर्यंत धुळीचा जाड थर तसाच होता, त्यात गाडीचा रंगही दिसत नव्हता.

बाबा येरझाऱ्या घालता घालता नेमके त्याच बाजूला जाऊन उभे राहिले. हात पाठीशी बांधून दाराकडे वाकले.

“वा!” ते म्हणाले. “पोरी, आरसा केलायस नुसता!”

कासुबाने टपावरून पलीकडे पाहिलं. थट्टा करताहेत असं वाटून ती त्यांच्या हसण्याची वाट बघत राहिली. ते हसले नाहीत. ते आणखी खाली वाकले. धुळीने बरबटलेल्या त्या काचेसमोर त्यांनी मान थोडी तिरकी केली आणि दोन्ही हातांनी टायची गाठ सारखी केली.

कासुबाच्या हातातली बाटली तशीच राहिली. हिरवा रंग, चुना, निखळलेला आरसा. दर महिन्याला एकेक ओरखडा तिनेच बुजवला होता, चकचकीत करून ठेवला होता, कुणाला दिसू नये म्हणून. चर्चच्या रस्त्यावर खाणीचे ट्रक एकामागून एक धावतात. मध्ये रेल्वेचं फाटक आहे. मागच्या सीटवर लोम्बे बसणार होती.

“आजोबा!” लोम्बे पांढरा झगा सावरत दारात आली होती. तिच्या मागे सगळ्या मावश्या, आत्या. “निघायचं ना?”

“हो राणी, गाडी तयार आहे!” बाबा मोठ्याने म्हणाले. त्यांचा हात दारावरून चाचपत कडी शोधत होता. बोटं धुळीने लाल झाली.

कासुबा गाडीला वळसा घालून त्यांच्या अगदी जवळ गेली. मागे एवढी माणसं उभी होती. एक शब्द मोठ्याने निघाला असता तर अडतीस वर्षं तिथेच अंगणात सांडली असती.

“बाबा,” ती कानाशी म्हणाली, “किल्ली मला द्या.”

“का म्हणून?”

“टाय सरळच होता, बाबा.”

त्यांचा हात दारावरून खाली आला. अंगठा बोटांवर फिरला, एकदा, दोनदा. बोटांना लागलेली धूळ त्यांनी चोळून पाहिली. मागे बायका गातच होत्या. लोम्बे हसत, काही न कळून, दोघांकडे बघत होती.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. कासुबाच्या हाताच्या थोडी बाजूला, हवेतच ती पुढे धरली, आणि दुसऱ्या कुणालाच ऐकू जाऊ नये इतक्या हळू विचारलं, “आणखी कुठली बाजू पुसायची राहिली आहे गं?”